‘अँड’ दिसला म्हणजे संयुक्त वाक्य नव्हे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा मी शाळेच्या आठवणी लिहाव्यात अशी त्यांची अपेक्षा होती. वसतिगृहाच्या, पहाटेच्या वंदनेच्या, पावसाळ्यात गळणाऱ्या पत्र्यांच्या आठवणी सांगणारे या अंकात पुष्कळ असतील आणि ते माझ्यापेक्षा चांगल्या सांगतील. मी येथे इंग्रजी शिकवले. म्हणून इंग्रजी व्याकरणातील एका लहानशा गोष्टीविषयी माझे मत मांडण्याची परवानगी घेतो. त्या गोष्टीत माझी स्वतःची एक चूक दडलेली आहे. ती मी अनेक वर्षे शिकवली. माझ्या हाताखालून गेलेल्या सर्व विद्यार्थ्यांपर्यंत एकाच वेळी पोहोचण्याचे दुसरे साधन माझ्याजवळ नाही. त्यामुळे ती दुरुस्त करण्यासाठी स्मरणिकेसारखी योग्य जागा मला दिसत नाही.

नववी-दहावीच्या इंग्रजीत वाक्याचे तीन प्रकार शिकवले जातात: सिंपल, कॉम्प्लेक्स आणि कंपाउंड. मराठीत यांनाच आपण केवल, मिश्र आणि संयुक्त वाक्य म्हणतो. परीक्षेत यावर एखाद-दुसऱ्या गुणाचा प्रश्न असतो. तेवढ्यासाठी फार वेळ द्यायला नको, असे समजून मी मुलांना एक सोपी खूण सांगत असे: वाक्यात ‘अँड’, ‘बट’ किंवा ‘ऑर’ दिसला की ते कंपाउंड, काहीच दिसले नाही तर सिंपल. मुले खूश होत. दहापैकी सात-आठ उत्तरे बरोबरही येत. चुकीचा नियम टिकून राहतो तो याच कारणाने. तो बहुतेक वेळा बरोबर उत्तर देतो.

एका घटक चाचणीत मी स्वतः वाक्य तयार केले: ‘तोरणा अँड राजगड आर इन वेल्हे तालुका.’ वेल्ह्याकडच्या एका वाडीवरून आलेल्या मुलीने उत्तर लिहिले, सिंपल. मी फुली मारली. मधल्या सुट्टीत ती उत्तरपत्रिका घेऊन आली आणि म्हणाली, “सर, कंपाउंड वाक्यात दोन वाक्ये असतात असे तुम्ही सांगितले होते. मग यातले दुसरे वाक्य कोणते?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुस्तकात तसेच आहे, असे सांगून मी तिला परत पाठवले. रात्री पुस्तक उघडून पाहिले, तर पुस्तकात तसे मुळीच नव्हते. तसे फक्त माझ्या नियमात होते.

‘अँड’ या शब्दाचे काम जोडण्याचे आहे. पण तो काय जोडतो, हे पाहिल्याशिवाय वाक्याचा प्रकार ठरत नाही. वरच्या वाक्यात तो दोन गडांची नावे जोडतो. दोन्ही नावे मिळून एकच उद्देश्य होते आणि क्रियापद एकच राहते. म्हणून ते केवल वाक्य. याउलट ‘इट रेन्ड अँड वुई रॅन’, म्हणजे ‘पाऊस आला आणि आम्ही पळालो’, हे वाक्य पाचच शब्दांचे असले तरी संयुक्त आहे. ‘अँड’च्या जागी पूर्णविराम द्या. अलीकडचा भाग स्वतःच्या पायावर उभा राहतो आणि पलीकडचाही राहतो. प्रत्येकाला स्वतःचा कर्ता आहे, स्वतःचे क्रियापद आहे. हीच खरी कसोटी. शब्दांची संख्या ही कसोटी नव्हे आणि ‘अँड’ची उपस्थिती ही तर नव्हेच.

यावर हुशार विद्यार्थी एक शंका काढतात. ‘तोरणा वेल्हे तालुक्यात आहे’ आणि ‘राजगड वेल्हे तालुक्यात आहे’ अशी दोन वाक्ये त्या एका वाक्यातून काढता येतातच की! येतात, पण त्यासाठी आपल्याला पदरचे शब्द घालावे लागतात. व्याकरण पाहते ते कागदावर उभे असलेले वाक्य. शिवाय ‘दोन आणि दोन चार होतात’ या वाक्यातून दोन वाक्ये काढून दाखवा, म्हणजे शंका आपोआप मिटते. एकटे दोन कधीच चार होत नाहीत.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. इंग्रजीतील हा भेद आपल्या मुलांना कठीण जातो, त्याचे खापर आपण त्यांच्या कच्च्या इंग्रजीवर फोडतो. मला ते कारण पटत नाही. भोर-वेल्ह्याच्या मुलाला हा भेद बोलण्यात आधीच अवगत असतो. आपण तो त्याच्या मराठीतून त्याला दाखवून देत नाही, एवढेच.

लावणीच्या दिवसांत आपल्या भागातील कोणतेही मूल सहज असे सांगेल: ‘पहाटे उठून, चूल पेटवून, भाकऱ्या थापून, गुरांना वैरण घालून, इरले पांघरून आई खाचरात गेली.’ कामे सहा झाली; पण वाक्य पूर्ण करणारे क्रियापद एकच, ‘गेली’. बाकीची ‘उठून’, ‘पेटवून’, ‘थापून’ ही धातुसाधिते. त्यांच्यापाशी वाक्य थांबत नाही. ‘आई पहाटे उठून’ असे म्हणून कोणी गप्प बसले, तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. म्हणून एवढे लांबलचक वाक्यही मराठी व्याकरणात केवल वाक्यच ठरते. ‘आई खाचरात गेली आणि मी शाळेत आलो’ हे त्याहून आखूड वाक्य मात्र संयुक्त.

इंग्रजीत हा ‘ऊन’ प्रत्यय नाही. ‘हॅविंग’ने सुरू होणारी रचना आहे, पण रोजच्या बोलण्यात ती फारशी येत नाही. म्हणून मूल जेव्हा आईचे वाक्य इंग्रजीत नेते, तेव्हा प्रत्येक ‘ऊन’चे तेथे एक क्रियापद होते आणि शेवटच्या क्रियापदापूर्वी ‘अँड’ येतो. मराठीतले निर्विवाद केवल वाक्य इंग्रजीत गेल्यावर संयुक्तासारखे दिसू लागते ते येथे. गोंधळाचे मूळ हे आहे, आणि ते दोन भाषा शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. आपल्या शाळेतील मुलांना तर तिसरीही भाषा ऐकून ठाऊक असते. पालीतील ‘गन्त्वा’, ‘सुत्वा’, ‘दिस्वा’ म्हणजे जाऊन, ऐकून, पाहून. तेथेही अशी रूपे एकामागून एक येतात आणि वाक्य पूर्ण होते ते शेवटच्या क्रियापदाने. आपला ‘ऊन’ महाराष्ट्री प्राकृतातील ‘ऊण’पासून आला. म्हणजे हा धागा आपल्याकडे फार जुना आहे.

मराठी व्याकरणाची शास्त्रीय परंपराही काही कालची नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. वाक्यपृथक्करणाची पद्धत मराठीने इंग्रजी व्याकरणाच्या नमुन्यावरून घेतली. त्यामुळे केवल, मिश्र, संयुक्त या संज्ञा सिंपल, कॉम्प्लेक्स, कंपाउंड यांच्या सख्ख्या नात्यातल्या आहेत. मराठीच्या तासाला मुले प्रधानत्वसूचक उभयान्वयी अव्ययांचे चार प्रकार पाठ करतात: समुच्चयबोधक ‘आणि’, विकल्पबोधक ‘किंवा’, न्यूनत्वबोधक ‘पण’, परिणामबोधक ‘म्हणून’. इंग्रजीच्या तासाला त्यांच्यापुढे ‘अँड’, ‘ऑर’, ‘बट’, ‘सो’ येतात. ही चार जुळी भावंडे आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही. इंग्रजीचे सर आणि मराठीच्या बाई एकाच खोलीत चहा घेतात. पण त्यांचे व्याकरण एकमेकांशी बोलत नाही.

साम्य आहे तेथे ते सांगावे, आणि फरक आहे तेथे तोही सांगावा. मराठीत ‘कारण’ हे अव्यय गौणत्वसूचकांत मोडते आणि त्याने जोडलेले वाक्य मिश्र ठरते. इंग्रजीत ‘बिकॉज’ तसाच वागतो. पण त्याच अर्थाने येणारा ‘फॉर’ मात्र संयुक्त वाक्य करतो. मराठी क्रियापद स्वतःच कर्त्याची ओळख देते, त्यामुळे ‘आलो आणि जेवलो’ एवढे पुरते. इंग्रजी क्रियापद ती ओळख बहुधा देत नाही, म्हणून तेथे कर्ता उघड सांगावा लागतो. हे फरक सांगितले की मूल गोंधळत नाही. ते लपवले की गोंधळते.

एक प्रश्न प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. ‘ही वेन्ट होम अँड एट’, म्हणजे ‘तो घरी गेला आणि जेवला’, हे वाक्य सिंपल की कंपाउंड? क्रियापदे दोन, कर्ता एकच. आपल्या देशातील कित्येक पिढ्या नेसफिल्डच्या आणि पुढे रेन व मार्टिन यांच्या व्याकरणावर शिकल्या. त्या परंपरेत दुसऱ्या भागातील कर्ता अध्याहृत मानतात आणि वाक्य संयुक्त धरतात. अमेरिकेतील शालेय व्याकरण मात्र एक उद्देश्य व दोन विधेये असलेले हे केवल वाक्य मानते. दोन्ही बाजूंना तर्क आहे. म्हणून मुलांना दोन्ही मते सांगावीत, आपल्या पाठ्यपुस्तकाने कोणते स्वीकारले आहे तेही सांगावे, आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी असे वादाचे वाक्य एका गुणासाठी देऊ नये. ज्या वाक्यावर विद्वानांचे एकमत नाही, त्यावर चौदा वर्षांच्या मुलाला फुली मारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कोणी म्हणेल, एका गुणासाठी एवढा खटाटोप कशाला? त्यांना एका माजी विद्यार्थ्याची हकिकत सांगतो. पुण्याजवळच्या एका कारखान्यात त्याला नोकरी लागली. करारपत्र इंग्रजीत होते. त्यातील एका वाक्याचा आशय असा: कर्मचारी दोन वर्षे सेवा करील आणि मूळ प्रमाणपत्रे कंपनीकडे राहतील. त्याने पहिला भाग वाचला, समजून घेतला आणि पुढचे त्याच अटीचे शेपूट असावे असे समजून सही केली. पण ‘अँड’च्या पुढे नवा कर्ता होता, नवे क्रियापद होते, म्हणजे ती स्वतंत्र अट होती. दुसरीकडे चांगली संधी आली, तेव्हा त्याची प्रमाणपत्रे त्याच्या हातात नव्हती. ती परत मिळवण्यात महिने गेले आणि संधी गेली. ‘सर, अँडच्या पुढे वाचलेच नाही,’ असे तो मला म्हणाला. मी मनात म्हटले, अँडच्या पुढे काय पाहायचे असते, हे मी तरी याला कुठे शिकवले होते?

कायद्याचे वाक्य वाचतानाही हाच भेद उपयोगी पडतो. संविधानाचा अनुच्छेद १७ आपल्या समाजाला क्रमांकाने ठाऊक आहे. संविधान सभेने त्याचा मसुदा २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत केला. इंग्रजी पाठात त्याची दोनच वाक्ये आहेत. पहिले अकरा शब्दांचे आहे आणि ते संयुक्त आहे. ‘अँड’च्या अलीकडचे विधान अस्पृश्यता नष्ट करण्यात आल्याचे सांगते, पलीकडचे विधान तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध ठरवते. अलीकडचा कर्ता ‘अस्पृश्यता’, पलीकडचा ‘तिचे आचरण’. एक विधान प्रथेला उद्देशून आहे, दुसरे माणसाच्या वागण्याला. प्रथा कागदावर संपली तरी वागणे संपत नाही, म्हणून दुसरे विधान स्वतंत्रपणे उभे केलेले आहे. दुसरे वाक्य अठरा शब्दांचे, म्हणजे पहिल्याहून लांब. पण ते केवल वाक्य आहे. अस्पृश्यतेतून उद्भवणारी कोणतीही निःसमर्थता लादणे हा कायद्याने शिक्षापात्र अपराध ठरेल, एवढे एकच विधान त्यात आहे. त्याच आधारावर १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. लांबीवरून वाक्य ओळखणाऱ्याने हा अनुच्छेद नेमका उलटा ओळखला असता.

आणि उद्देशिका? परिपाठाला मुले ती रोज म्हणतात. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनंतरचा तिचा इंग्रजी पाठ ८५ शब्दांचा आहे. सबंध उद्देशिका म्हणजे एकच वाक्य, आणि त्यात ‘अँड’ आठ वेळा येतो. माझ्या जुन्या नियमाने पाहिले तर संयुक्त वाक्याचा याहून मोठा नमुना सापडणार नाही. पण एकेक ‘अँड’ तपासा. आठांपैकी सात शब्दांना किंवा शब्दसमूहांना जोडतात. शेवटचा तेवढा क्रियापदांना जोडतो; आणि त्या तिन्ही क्रियापदांचा कर्ता एकच आहे: आम्ही, भारताचे लोक.

हे तीन क्रियापदांचे वाक्य मराठीत कसे आले, ते पाहण्यासारखे आहे. मराठी पाठात हे संविधान ‘अंगीकृत’ आणि ‘अधिनियमित’ यांच्यापुढे ‘करून’ येते आणि शेवटी एकच क्रियापद उरते, अर्पण करण्याचे. आधीचा निर्धारही ‘करून’नेच सांगितला आहे. म्हणजे इंग्रजी वाक्याविषयी दोन मते संभवतात. मराठी वाक्य मात्र निःसंशय केवल आहे. पहाटे उठून, चूल पेटवून खाचरात जाणाऱ्या आईच्या वाक्यात जो ‘ऊन’ आहे, तोच देशाच्या उद्देशिकेत आहे. आपल्या मुलांच्या घरची वाक्यरचना अशुद्ध किंवा मागासलेली आहे, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी या ठिकाणी थोडे थांबावे.

म्हणून माझी सूचना तीन गोष्टींची आहे. पहिली, इंग्रजी आणि मराठीच्या शिक्षकांनी वाक्यप्रकार एकाच आठवड्यात आणि शक्यतो एकाच वाक्यांवर शिकवावेत. दुसरी, ‘अँड दिसला की कंपाउंड’ हा नियम फळ्यावरून कायमचा पुसावा. त्याऐवजी मुलांना तीन प्रश्न द्यावेत: वाक्य पूर्ण करणारी क्रियापदे कोणती? प्रत्येकाचा कर्ता कोण? जोडणारा शब्द काढून पूर्णविराम दिला, तर दोन्ही भाग स्वतंत्रपणे उभे राहतात का? तिसरी, उदाहरणे मुलांच्या परिसरातील घ्यावीत. भाटघरचे धरण, रोहिडा, वरंधा घाट, भाताची खाचरे यांच्याविषयी बोलताना मुलाला शब्दार्थासाठी अडावे लागत नाही. त्याचे सारे लक्ष रचनेवर राहते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. आता अनेक पालक सेमी-इंग्रजीचा आग्रह धरतात आणि त्यात काही वावगे नाही. पण ‘आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही मुलांना काय शिकवणार?’ असे म्हणणाऱ्या पालकांना मी नम्रपणे सांगेन, की या एका बाबतीत तुम्ही पुष्कळ शिकवू शकता. मूल सुट्टीत घरी आले की इंग्रजी पुस्तकातले एक वाक्य त्याला मराठीत सांगायला लावा आणि विचारा, “बाळ, यात कोणी काय केले? आणि आणखी कोणी काय केले?” दुसऱ्या प्रश्नाला वाक्यातूनच उत्तर मिळाले, तर ते बहुधा संयुक्त वाक्य असते; आणि त्याचे दोन्ही भाग वेगवेगळे उभे राहतात का, हे मूल स्वतःच तपासून सांगेल. यासाठी इंग्रजी यावे लागत नाही.

त्या मुलीचा तो एक गुण मी दुसऱ्या दिवशी सर्व वर्गासमोर तिला परत दिला. तिच्या आधीच्या तुकड्यांतील ज्यांचे गुण माझ्या नियमाने कापले गेले, त्यांची यादी माझ्याजवळ नाही. त्यांच्यापैकी कोणी हा लेख वाचत असेल, तर त्याने आपली फुली खोडून टाकावी. आणि ज्यांना त्या नियमाने गुण मिळाले, त्यांनीही तो नियम आपल्या मुलांना सांगू नये.